फ्रिजवरची यादी

डिसेंबर लागला की आमच्या घरातलं पहिलं भांडण पाण्यावरून होतं. घर जुनं, मिरजेतल्या जुन्या वस्तीतलं. न्हाणीघरात गीझर बसवून सहा वर्षं झाली, पण परसात तांब्याचा बंब अजून उभा आहे. अम्मींचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, त्या बंबावर जेवढा विश्वास आहे तेवढा घरातल्या कुणावर नाही. फजरची अजान या दिवसांत पावणेसहाच्या सुमाराला होते. त्याच्या आधी अर्धा तास अम्मी उठणार, बंबात करवंट्या आणि दोन शेणी घालणार, आणि आम्ही डोळे चोळत बाहेर येईपर्यंत परसात धुराचा पडदा झालेला असणार. मुलांचे अब्बा खोकतच उठतात.

"अम्मी, बटण दाबलं की पाणी गरम होतं."

"बटणाचं पाणी गरम होतं बेटा, त्याला ऊब नसते."

हा संवाद दर वर्षी होतो. त्या दखनीत बोलतात आणि आम्ही इथे मराठीत लिहितो, एवढाच फरक. यंदा मात्र त्यांची बंबाबद्दलही कुरकुर सुरू झाली होती. पाणी पूर्वीसारखं तापत नाही, पायावर घेतलं की गारच लागतं. मुलांच्या अब्बांनी एका रविवारी बंब उलटा करून आतली राख खरवडून काढली, चिंचेने घासून लखलखीत केला. तरी पाणी गारच. आम्ही म्हटलं, वय झालं की माणूस कुरकुरतं.

रविवारी रात्री इशानंतर आम्ही पुढच्या आठवड्याची यादी करून फ्रिजवर चिकटवतो. बीएड करताना पाठाचं टाचण काढायची जी सवय लागली ती पंचवीस वर्षं झाली तरी सुटत नाही, त्यामुळे घर चालतं तेही टाचणावर. त्या आठवड्याची यादी भरगच्च होती. सोमवारी धाकट्याच्या गॅदरिंगचा पोशाख, मंगळवारी सिलिंडर आणि थोरल्याच्या क्लासचा हप्ता, बुधवारी आमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धा, गुरुवारी इचलकरंजीला नणंदेच्या सासरची शादी, शनिवारी पिंजाऱ्याकडे रजई, रविवारी पाहुणे. यातली रजई ही जुनी पाहुणी होती. सलग तीन याद्यांत ती 'शनिवार' म्हणून आली होती आणि तिन्ही वेळा पुढच्या शनिवारवर गेली होती. दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरून रजया काढल्या तेव्हा चारातली एक पार बसलेली निघाली. रुईचे गोळे होऊन कोपऱ्यात गेलेले, मधे नुसतं कापड. ती गाठोड्यात बांधून दाराशी ठेवली होती. येता-जाता ठेचकाळत होतो आम्ही तिला.

सोमवार गेला वांग्यात. धाकटा दुसरीत आहे आणि भाज्यांच्या नाटुकल्यात त्याला वांगं व्हायचं होतं. कृष्णाकाठच्या माणसाने वांगं व्हायला लाजू नये, असं त्याला समजावलं, पण त्याला भेंडी व्हायचं होतं, कारण भेंडी उंच असते. जांभळ्या कापडाचा झगा मधली शिवत बसली. ती सातवीत आहे, पण शिलाई मशीनवर तिचा पाय आमच्यापेक्षा चांगला चालतो. वांग्याचा देठ पुठ्ठ्याचा केला, तो डोक्यावर राहीना, शेवटी अब्बांच्या जुन्या टोपीला टाचला.

त्याच संध्याकाळी आणखी एक गंमत झाली. आदल्या दिवशी डिंकाचे लाडू वळले होते. खारीक, खोबरं, हळीव, तुपात फुलवलेला डिंक, गूळ. डिंक फुलवण्याचं काम अम्मी कुणाला देत नाहीत. साखरेचा आजार अठरा वर्षांचा, म्हणून 'चव बघायला' अर्धा लाडू, आणि कुणी बघत नसेल तर उरलेला अर्धा. लाडवांचा डबा घेऊन त्या शेजारी गेल्या आणि परत आल्या त्या एकाच चप्पलेवर. दुसऱ्या पायात नुसता मोजा. धाकट्याला चप्पल गटाराच्या कडेला सापडली. "दादी, एक चप्पल शेजारी लाडवाबरोबर दिलीस का?" सगळे हसले. अम्मीही हसल्या, पदराने तोंड झाकून. आम्हीही हसलो. हे लिहून ठेवतोय कारण पुढे लागणार आहे.

मंगळवारी सिलिंडर आला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात मुलांचे अब्बा हळदीच्या अडतीत हिशेब लिहितात. घरी यायला त्यांना साडेआठ झाले, कारण उसाच्या ट्रॉल्या. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडचे रस्ते संध्याकाळनंतर ट्रॅक्टरचेच होतात, एकामागे दोन ट्रॉल्या आणि मागे दिवा असला तर नशीब. मगरिब सहालाच होते, त्यानंतर घरात कुठल्याच कामाला उजेड पुरत नाही. दोरीवरचे कपडे दोन दिवस ओलसर. थोरला दहावीत, जानेवारीत प्रिलिम, तो संध्याकाळी माडीवर जातो तो जेवायलाच खाली येतो. आम्ही भाकरी थापत होतो, एका हातात परात, समोर तपासायचे उर्दू निबंधांचे गठ्ठे, आणि मधली गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आली.

"दादी म्हणते पाणी गारच आहे. मी चांगलं कढत भरलंय."

"मग आणखी कढत भर. थंडीच तेवढी आहे."

हे वाक्य आमचं. आठवड्याभरात आम्ही शेकडो वाक्यं बोललो असू, त्यातलं हे एक परत घ्यायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी मैदानावर उभं राहून घसा बसला. घरी आल्यावर कपड्यांच्या घड्या घालायला बसलो. मधलीने एक मोजा उचलून धरला. करड्या रंगाचा, लोकरीचा, अम्मींचा. तळाशी टाचेच्या बाजूला पिवळा-तपकिरी डाग, धुतला तरी न गेलेला. अम्मी आपले मोजे कधी धूत नाहीत, आमच्या धुण्यात टाकतात. हा मोजा मागच्या परसात, बंबाच्या आड, वेगळ्या तारेवर वाळत होता.

"अम्मी, याला काय लागलंय?"

"हळद."

"मोज्याला हळद?"

त्या तसबीह फिरवत होत्या, थांबल्या नाहीत.

"पाय दाखवा बघू."

"उद्या शादी आहे, दुल्हन."

पाय दाखवा म्हटल्यावर शादीचं उत्तर येतं तेव्हा पायात काय असेल ते निम्मं समजतंच. पुष्कळ आढेवेढे झाले. शेवटी धाकट्याने मोजा ओढून काढला. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला जुन्या रुपयाएवढा फोड आला होता, फुटला होता, आणि त्यावर हळद आणि खोबरेल तेलाचा लेप बसला होता. कडेची कातडी पांढरी पडलेली. चार-पाच दिवसांचं असावं. पिशवीने भाजलं होतं, हे त्यांनीच सांगितलं. एका सकाळी उठल्या तर मोजा ओला होता, पिशवी फुटली म्हणून बघितलं तर पिशवी धड होती.

"सांगितलं का नाही?"

"दुखत नाही ना. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

आता आमची चूक ऐका. हे ऐकून आम्हाला हायसं वाटलं. मुलांचे अब्बा आले, त्यांनीही पाय पाहिला आणि तेच म्हणाले, दुखत नाही म्हणजे वरवरचं असेल, शादीहून आल्यावर दाखवू. शिकलेली माणसं आम्ही दोघं. उद्याचे कपडे इस्त्री झाले होते, आहेराचं पाकीट भरलं होतं, गाडीवाला सकाळी नवाला येणार होता. यादीत पायाला जागा नव्हती, आणि दुखत नाही हे कारण आयतं मिळालं होतं. दिवे मालवताना मधली म्हणाली, "अम्मी, माझं बोट तव्याला लागलं होतं तर मी दोन दिवस रडत होते. दादीला एवढं भाजलं, मग दुखत का नाही?"

आम्ही दोघं अंधारात बराच वेळ जागे होतो.

गुरुवारी सकाळी नणंदेला फोन केला की येणं होत नाही, का ते सांगितलं. तिकडून जे ऐकून घ्यावं लागलं ते घेतलं. "अम्मीकडे बघायला घरात माणूस नाही का?" याला उत्तर नव्हतं. मुलांच्या अब्बांना मधली आणि धाकट्याला घेऊन शादीला पाठवलं, कारण दोन्हीकडून गैरहजेरी बरी दिसत नाही. थोरल्याने क्लास बुडवला आणि आम्ही किरकोळ रजा टाकली. अम्मींना रिक्षात बसवताना त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी शादी सोडली."

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, आमच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. जखम त्यांनी आधी पाहिलीच नाही. दोन्ही मोजे काढायला लावले, अम्मींना पाठीवर निजवलं आणि म्हणाल्या, "आजी, डोळे मिटा. मी पायाला दोरा लावणार आहे. लागला की 'हो' म्हणा." छोट्या दांडीत बसवलेला नायलॉनचा जाडसर तंतू होता. आधी तो त्यांनी अम्मींच्या मनगटावर टेकवून दाखवला. अम्मी लगेच "हो" म्हणाल्या. मग त्या पायाकडे गेल्या. अंगठ्याच्या तळाला टेकवला, तंतू वाकेपर्यंत दाबला. अम्मी गप्प. करंगळीखाली टेकवला. गप्प. चवड्यावर, तळव्याच्या मधे. दुसऱ्या पायाला. आम्ही मोजत होतो. आठ वेळा झालं.

अम्मी डोळे मिटूनच होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, सुरू करा की आता."

थोरला आमच्या शेजारी उभा होता. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मग त्यांनी ट्यूनिंग फोर्क घेतला, हातावर आपटून अंगठ्याच्या हाडावर ठेवला. "काही कळतंय, आजी?" अम्मींचा चेहरा उजळला. "हो, आवाज येतोय की." मिरजेत जन्म गेला, सतारमेकरांच्या दारावरून येता-जाता तारा जुळवताना ऐकलेल्या; आवाज त्यांना बरोबर कळला. "आवाज नाही आजी. पायाला थरथर कळते का?" ती कळत नव्हती.

पुढचं मॅडमनी आम्हाला उद्देशून सांगितलं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू मंद होतात. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरुवात होते आणि मोजा चढवावा तसं ते वर सरकत येतं. काहींच्या पायाला आग होते, मुंग्या येतात, म्हणून ते लवकर येतात. काहींना काहीच होत नाही, नुसतं कळेनासं होतं, आणि तेच जास्त धोक्याचं. दुखणं हा पायाचा पहारेकरी. तो झोपला की भाजलं, टोचलं, चप्पल घासली तरी हाक येत नाही. नसा मंदावल्या की पायाला घामही कमी येतो, कातडी कोरडी पडते, थंडीत टाचेला भेगा जातात, आणि भेगेतून जंतू शिरायला वाट होते. "पाणी गार लागतं अशी तक्रार होती का?" होती. आम्ही त्यासाठी बंब घासला होता. "चालताना चप्पल निघून जाते आणि कळत नाही, असं झालंय का कधी?"

थोरल्याने आमच्याकडे पाहिलं. सोमवारी गटाराच्या कडेला सापडलेली चप्पल आणि आमचं हसणं आठवलं. आमच्या वर्गात दर सोमवारी आम्ही पोरांची नखं तपासतो, रांगेने हात पुढे करायला लावतो. घरातल्या माणसाचे पाय अठरा वर्षांत एकदाही बघितले नव्हते. साखरेच्या पेशंटचे पाय वर्षातून एकदा तरी असे तपासून घ्यायचे असतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. रक्ताची साखर आम्ही नेमाने बघत होतो, तीही कधी कधी.

नशीब चांगलं, जखम उथळ होती. पायातली नाडी लागत होती, म्हणजे रक्त पोहोचत होतं. हळदीचा लेप धुऊन काढला, मेलेली कातडी कापली. अम्मी बघत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय. उपाशीपोटीची साखर २१४ निघाली. गोळ्या बदलल्या, दिवसाआड ड्रेसिंग, आणि टाचेवर भार द्यायचा नाही. भाजलेल्यावर हळद, पेस्ट, शाई काही लावायचं नाही, साधं गार पाणी धरायचं आणि झाकून आणायचं. आणि गरम पिशवी, शेगडीजवळ पाय, कढत पाण्यात पाय सोडणं, तिन्ही कायमचं बंद. पाणी बघायचं ते पायाने नाही. कोपर बुडवून बघायचं किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी बघायचं. पायाला ऊब द्यायची तर मोज्याने आणि पांघरुणाने, मोज्याचं इलॅस्टिक घट्ट नको. घरातसुद्धा चप्पल घालायची. यावर अम्मी पहिल्यांदा रागावल्या, घरात चप्पल म्हणजे काय! मग घरासाठी वेगळी, कधी उंबऱ्याबाहेर न जाणारी, मागे पट्टा असलेली सपाट चप्पल घ्यायची असं ठरलं.

निघताना मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला. "आजी, पिशवी एवढी कढत का लागायची? पांघरूण पातळ आहे का?"

अम्मी म्हणाल्या, "पुष्कळ आहे."

रिक्षात त्यांनी विचारलं ते पायाबद्दल नाही. पट्टी ओली करायची नाही म्हणता, मग वुजू कसं करायचं? आम्ही शाळेत दीनियातही शिकवलेलं आहे, आम्ही सांगितलं की पट्टीवर ओला हात फिरवायचा, मसह करायचा, बाकीचे अवयव नेहमीसारखे धुवायचे. त्यांचं समाधान झालं नाही. सून शिकलेली आहे हे ठीक, पण सुनेकडून मसला घ्यायचा नाही. शेवटी संध्याकाळी मोहल्ल्याच्या मशिदीच्या हाफिजसाहेबांना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी तेच सांगितलं, वर म्हणाले, "अम्मा, पाणी लावून जखम वाढवणं दुरुस्त नाही." अम्मींनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की हे आधी का नाही सांगितलं. दुसऱ्या पायाचं एक मॅडमनी बजावलं होतं. पाच वेळा वुजू होतं, बोटांमध्ये खिलाल होतो, हे उत्तम. पण नंतर प्रत्येक बेचकं कोरड्या फडक्याने टिपायचं, नाहीतर ओलीने बुरशी धरते. टाचेला तेल लावा, बोटांच्या मधे नको. जानमाजच्या शेजारी आता एक मऊ फडकं खुंटीला आहे. शादीची बिर्याणी रात्री डब्यातून आली. अम्मी म्हणाल्या, भात मोकळा झालाय पण मटण कच्चं ठेवलंय. म्हणजे प्रकृती ठीक होती.

शुक्रवारी आम्ही अम्मींच्या आधी उठलो. लग्नाला अठरा वर्षं झाली, असं पहिल्यांदाच झालं असेल. अम्मी फजरच्या आधी उठून अंथरूण आवरून ठेवतात, त्यामुळे त्या काय पांघरून झोपतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही मोबाइलचा दिवा हाताने झाकून आत गेलो. एक चादर. तिच्यावर आमच्या लग्नातली शाल, जरीची, ऊब नसलेली. पायावर मुलांच्या अब्बांचा जुना स्वेटर. गुडघे पोटाशी घेतलेले.

चार रजया. एक फाटकी दाराशी गाठोड्यात, एक आमच्याकडे, एक धाकट्या दोघांत, आणि चौथी, अम्मींची, माडीवर. थोरला रात्री अभ्यासाला माडीवर बसतो, खिडकीची फट आहे तिथे. अम्मींनी दिवाळीनंतरच ती त्याला दिली होती. "मला गरम होतं रे रजईत." पंधरा वर्षांच्या मुलाला हे खरं वाटलं. आम्हाला कुणी विचारलं असतं तर आम्हालाही खरं वाटलं असतं. अम्मी कसली तक्रार करत नाहीत, याचं आम्ही शेजारीपाजारी कौतुक करत आलोय. अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं बायका म्हणतात आणि आम्ही मान डोलावतो. ते कौतुक जरा स्वस्तातलं होतं, असं आता वाटतं. त्याची थंडी दुसऱ्या कुणाला वाजत होती.

थोरल्याला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. रजई खाली आणली, दादीच्या खाटेवर टाकली. दुपारी ती पुन्हा माडीवर गेली. अम्मी जिना चढू शकत नाहीत, म्हणजे धाकट्याला फितवलं होतं. संध्याकाळी ती खाली आली. इशाच्या वेळी आम्ही नमाजला उभे राहिलो, सलाम फेरला तर रजई जिन्यात. शेवटी मुलांच्या अब्बांनी आमची रजई माडीवर टाकली, अम्मींची खाटेवर टाकली आणि म्हणाले, आता जी हलेल तिला मी पिंजाऱ्याकडे देतो. ती रात्र आम्ही दोघांनी चादरीवर काढली. मिरजेची थंडी काही काश्मीरची नाही, पण पहाटे तीनला हाडात शिरते. पाच आठवडे म्हणजे काय, ते एका रात्रीत थोडंसं कळलं.

शनिवारी शाळा सकाळची होती. घरी येऊन चहासुद्धा न घेता गाठोडं उचललं. पूर्वी पिंजारी दारावर यायचे, खांद्याला ते लांब पिंजण अडकवलेलं, तातेवर मुठ्या मारत, आणि सगळ्या गल्लीत तो टुंग-टुंग आवाज. आता दुकानात मशीन आहे. आमचे पिंजारी नदाफ आडनावाचे. नदाफ म्हणजेच अरबीत कापूस पिंजणारा. हल्लाजचा अर्थही तोच. ९२२ साली बगदादमध्ये ज्यांना मृत्युदंड झाला त्या मन्सूर हल्लाजांशी नातं सांगत बरेच पिंजारी स्वतःला मन्सुरी म्हणवतात. हे आम्ही वर्गात आडनावांच्या गप्पांत सांगतो, पोरांना आवडतं. नदाफचाचांनी गाठोडं सोडलं, रुई चिमटीत धरून ओढून पाहिली. "रुई चांगली आहे, जुन्या काळची. नुसती दबलीय. तीन-चार वर्षांनी पिंजून घ्यायची असते, तुम्ही दहा वर्षं ठेवलीत." वजन केलं, अडीच किलो. मशीनमधून ती निघाली तेव्हा तिचा ढीग आमच्या कमरेला लागला. आम्ही म्हटलं, आजच पाहिजे. ते म्हणाले, थंडीत सगळ्यांनाच आज पाहिजे असते. कुणासाठी आहे, का आहे ते सांगितलं. त्यांनी आधीची दोन कामं बाजूला ठेवली. रात्री आठला त्यांचा मुलगा सायकलवर रजई घेऊन आला. दोऱ्याचे टाके अजून ताठ, नव्या कापडाची खळ अंगाला लागत होती.

नवी रजई कुणाला द्यायची यावर पुन्हा वाद झाला असता. तो होऊ नये म्हणून मधलीने जाडजूड दोऱ्याने रजईच्या कोपऱ्यात उर्दूत 'दादी' असं भरलं. दाल जरा वाकडा आलाय. आम्ही भाषेचे शिक्षक, दाखवून द्यावंसं वाटलं, पण राहू दिलं.

रविवारी नणंद आली, तयारीनेच आली होती. रात्रभर मंद आचेवर ठेवलेला पाया होता, बाजरीची भाकरी होती, पण तिने आधी अम्मींचा पाय बघितला, मग आमच्याकडे. चार गोष्टी बोलली. आम्ही ऐकून घेतल्या. त्यातल्या दोन खऱ्या होत्या. मग म्हणाली, अम्मीला मी घेऊन जाते, थंडी सरेपर्यंत. घरात शांतता झाली. मुलांचे अब्बा ताटाकडे बघत राहिले.

अम्मी पायातलं हाड चोखत होत्या. "तुझ्याकडे बंब आहे का?"

"गीझर आहे, अम्मी."

"मग नको."

नणंद हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. जाताना तिने आपल्या अंगावरची लोकरी शाल अम्मींच्या खांद्यावर टाकली आणि आम्हाला म्हणाली, "भाबी, ड्रेसिंगच्या दिवशी फोन करत जा, मी येईन." येते. त्यानंतर दोनदा येऊन गेली.

रात्री इशानंतर यादी करायला बसलो. पुढचा आठवडाही भरलेलाच होता. गॅदरिंग, वांग्याचा देठ पुन्हा सुटला होता, शिष्यवृत्तीच्या जादा तासिका, सिलिंडर अजून यायचाच होता. रमजान आता थंडीच्या शेपटाला येतो, त्याआधी मागचे कजा रोजे पुरे करायचे, दिवस लहान आहेत तोवर. अम्मींच्या रोज्यांचं मात्र डॉक्टरांना विचारून. मधलीने पेन घेतला आणि सातही दिवसांच्या पुढे तेच दोन शब्द लिहिले: 'दादीचे पाय'.

हे काम तिने स्वतःकडे घेतलंय. झोपायच्या आधी अम्मी खाटेवर पाय लांब करून बसतात आणि ती खाली बसून तळव्यांखाली हात-आरसा धरते. आधी टाचा, मग तळवे, मग एकेक बेचकं. धाकटा टॉर्च धरतो. चप्पल उलटी करून आत हात घालून बघायचं कामही त्याचंच. एकदा त्यात वाटाणा सापडला, तोही त्यानेच टाकलेला.

अम्मींना हे सगळं फार लाजिरवाणं वाटतं. त्या छताकडे बघत बसतात.

"काय दिसतंय ग?"

"जखम लहान झालीय. नख वाढलंय, अंगठ्याचं."

"मग काप."

"डॉक्टरांनी सरळ कापायला सांगितलंय, कोपरे गोल नाही करायचे. हलू नकोस, दादी."

"मी कुठे हलतेय. तूच गुदगुल्या करतेस."

मधलीचा हात थांबला. "गुदगुल्या होतात?"

अम्मींनी क्षणभर विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या, "पूर्वी व्हायच्या."